परमुलुखातील ज्वालाजी : बाकूचे अग्निमंदिर आणि त्याचे दाते

देवालयाची महती सांगताना मूर्ती, शिखर, उत्सव आणि चमत्कार यांचे वर्णन नेहमी होते. परंतु कोणतेही देवालय केवळ तेवढ्यावर उभे राहत नाही. तेथे येणारा यात्रेकरू, त्याची सोय पाहणारा सेवेकरी, तेलवातीची तरतूद करणारा दाता आणि त्या भूमीवर राज्य करणारी सत्ता या चौघांचा मेळ बसला, तरच देवापुढील दिवा तेवत राहतो. राज्यकर्ता आपल्या धर्माचा असेल तर हा मेळ सहज बसतो. तो परधर्मीय असेल आणि भाविक हजारो कोसांवर मूठभर संख्येने राहत असतील, तर काय होते? या प्रश्नाचे उत्तर देणारे एक स्थान कास्पियन समुद्राच्या काठी, आजच्या अझरबैजान देशात, बाकू शहरालगत सुराखानी येथे उभे आहे. तेथील लोक त्यास ‘आतेशगाह’ म्हणजे अग्निस्थान म्हणतात. ते बांधणारे हिंदू भाविक मात्र त्यास ‘ज्वालाजी’ म्हणत असत.

आश्रित प्रजा आणि जिझिया

मध्ययुगातील मुस्लिम साम्राज्यांत परधर्मीय प्रजेचे स्थान धर्मशास्त्राने ठरवून दिलेले होते. अशा प्रजेस ‘जिम्मी’, म्हणजे अभय दिलेली आश्रित प्रजा, असे म्हणत. तिच्या जीविताची व मालमत्तेची जबाबदारी राज्य घेई आणि त्या बदल्यात तिने ‘जिझिया’ नावाचा डोईकर द्यावा, असा हा व्यवहार होता. हनफी परंपरेत या कराच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. गरिबाने वर्षास १२, मध्यम स्थितीच्या माणसाने २४ आणि श्रीमंताने ४८ दिरहम द्यावेत. स्त्रिया, मुले आणि अपंग यांना तो माफ असे. जुनी प्रार्थनास्थळे राहू द्यावीत, नवी उभारू देऊ नयेत, असा सर्वसाधारण दंडक होता.

ही तरतूद मुळात ज्यू व ख्रिस्ती यांच्यासाठी होती आणि पुढे ती पारशी लोकांनाही लागू झाली. इ.स. ७१२ मध्ये अरबांनी सिंध जिंकल्यानंतर हिंदूंनाही त्याच वर्गात धरण्याचा प्रघात पडला. भारतात सम्राट अकबराने १५६३ मध्ये यात्राकर आणि १५६४ मध्ये जिझिया रद्द केला, तर औरंगजेबाने १६७९ मध्ये जिझिया पुन्हा बसविला. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. शास्त्रातील नियम एकच असला तरी त्याचा अंमल राजागणिक, प्रांतागणिक आणि काळागणिक बदलत असे. म्हणून त्या काळाविषयी सरसकट एकच विधान करणे, मग ते निंदेचे असो वा स्तुतीचे, सत्यास धरून होत नाही.

भारतात हिंदू बहुसंख्य होते आणि करांचे ओझे असले तरी समाजाचा आधार भोवती होता. त्यांची खरी कसोटी लागली ती भारताबाहेर, जेथे ते सर्वार्थाने अल्पसंख्य होते.

मुलतानचे व्यापारी

सोळाव्या शतकापासून मुलतान हे उत्तर भारताच्या खुष्कीच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. तेथील खत्री, लोहाणा, भाटिया आदी जातींचे व्यापारी कंदाहारमार्गे इराणात आणि काबूलमार्गे मध्य आशियात जात. सुती कापड, नीळ, साखर व मसाले ते घेऊन जात, आणि परतीच्या वाटेवर रोकड व घोडे येत. या पेढ्यांचा खरा आधार हुंडी आणि व्याजबट्टा हा होता. इराणचे सफावी शहा, बुखाऱ्याचे खान, तेथील सरदार, कारागीर व शेतकरी हे सर्व कधी ना कधी या ‘मुलतानी’ सावकाराच्या दाराशी येत.

सफावी राजधानी इस्फहान येथे सतराव्या शतकात भारतीयांची संख्या दहा ते बारा हजारांच्या घरात असल्याचा अंदाज त्या काळच्या युरोपीय प्रवाशांनी नोंदविला आहे. यांतील बहुतेक तरुण गुमास्ते असत. घरदार मुलतानात ठेवून ते काही वर्षांसाठी परमुलखात जात आणि एखाद्या सराईत एकत्र राहत. घर सोडून सहा-सहा महिन्यांच्या वाटेवर गेलेल्या या माणसांना आपले अन्न, आपला आचार आणि आपला देव यांची ओढ किती असेल, हे वेगळे सांगावयास नको.

सुराखानीचे स्थान

बाकूचा परिसर अबशेरॉन नावाच्या द्वीपकल्पावर वसलेला आहे. तेथील जमिनीखाली खनिज तेल व नैसर्गिक वायू विपुल असून काही ठिकाणी हा वायू खडकांच्या फटींतून आपोआप बाहेर येतो. एकदा पेटला की तो अखंड जळत राहतो. हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यात ज्वालामुखी हे प्रसिद्ध शक्तिपीठ आहे. तेथेही खडकातून निघणाऱ्या ज्योतींचीच देवी म्हणून पूजा होते. पंजाब व मुलतानकडील व्यापाऱ्यांना हे स्थान परिचित होते. त्यामुळे सुराखानीची भूमी पाहताच त्यांना आपल्या ज्वालाजीचे स्मरण झाले, यात नवल नाही.

एंगेलबर्ट केम्फर नावाचा जर्मन वैद्य १६८३ मध्ये येथे आला होता आणि त्याने या जळत्या भूमीचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्या वेळी बाकू सफावी साम्राज्यात होते. पुढे १७२३ ते १७३५ या काळात ते रशियाकडे गेले, नंतर नादिरशहाच्या अमलाखाली आले, १७४७ पासून स्थानिक खानांच्या ताब्यात राहिले आणि १८०६ मध्ये पुन्हा रशियाने जिंकले. याच अस्थिर शतकात या मंदिराची बहुतेक बांधणी झाली.

मंदिराची रचना सराईसारखी आहे. पाच बाजूंच्या तटबंदीच्या आतील अंगास ओळीने दगडी खोल्या असून त्यांची संख्या पंचविसाच्या आसपास आहे. साधूंचे निवास आणि यात्रेकरूंची धर्मशाळा असा दुहेरी उपयोग त्यांचा होता. दरवाजावर पाहुण्यांसाठी माडी आहे. अंगणाच्या मध्यभागी चार कमानींचा चौकोनी मंडप असून त्याच्या मधोमध ज्योत जळत असे, आणि छताच्या चार कोपऱ्यांवरही नळीने वायू नेऊन ज्योती लावलेल्या असत. मंडपाच्या शिरोभागी त्रिशूळ आहे. आज दिसणारा हा मध्यवर्ती मंडप १८१० मध्ये एका हिंदू व्यापाऱ्याच्या दानातून उभा राहिला.

भिंतीवरील लेख

या स्थानाचे सर्वांत मोलाचे धन म्हणजे खोल्यांच्या दारांवर बसविलेले शिलालेख. त्यांची संख्या सतराच्या आसपास आहे. बहुतेक लेख देवनागरीत आहेत, दोन गुरुमुखी लिपीत आणि एक फारसीत आहे. देवनागरी लेखांत आरंभी श्रीगणेशास वंदन, मग विक्रम संवत, मग ज्वालाजीप्रीत्यर्थ अमुक खोली वा दरवाजा अमुकाने बांधविला, अशी नोंद आढळते. सर्वांत जुना लेख इ.स. १७१३ चा मानला जातो. गुरुमुखी लेखांचा आरंभ शीख परंपरेतील मूलमंत्राने होतो. म्हणजे शैव संन्यासी, शक्तीचे उपासक आणि गुरू नानकांच्या पंथातील साधू अशा सर्वांनी या एका अंगणात आसरा घेतला होता.

एक लेख संवत १८०२ चा, म्हणजे इ.स. १७४५-४६ चा आहे. फारसी लेखावर हिजरी ११५८ हा सन आहे, आणि तोही इ.स. १७४५ च्या सुमाराचाच. दोन लिप्या, दोन कालगणना आणि एकच अग्नी असे हे दृश्य होते. त्या वेळी सत्ता नादिरशहाची होती. ज्या नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्ली लुटली, त्याच्याच राज्यात हिंदू साधू दगडावर गणेशाचे नाव कोरवीत होते. इतिहासाचे हे गुंतागुंतीचे रूप भाविकाने लक्षात घ्यावे असे आहे.

साधू आणि सावकार

जोनास हॅनवे हा इंग्रज व्यापारी १७४३-४४ च्या सुमारास कास्पियन प्रदेशात होता. १७५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात या स्थानाची माहिती आहे. त्याच्या सांगण्यानुसार येथे सामान्यतः चाळीस-पन्नास गरीब साधू राहत. ते भारतातून यात्रेसाठी येत, रानातील पाला व कंदमुळे खाऊन राहत, कपाळी केशराचा टिळा लावीत आणि तांबड्या गाईस फार मान देत. केवळ स्वतःच्या नव्हे तर इतरांच्या पापाचेही क्षालन करणे हे ते आपले कर्तव्य समजत.

या साधूंचा खर्च कोण भागवीत असे, याचे उत्तर जॉर्ज फॉर्स्टर या दुसऱ्या प्रवाशाच्या लेखनात मिळते. तो १७८२ मध्ये बंगालहून निघून खुष्कीने इंग्लंडला गेला आणि १७८४ मध्ये बाकूत पोहोचला. तेथे मुलतानी हिंदूंची जुनी वसाहत असून आर्मेनियन लोकांबरोबर तेच त्या प्रांतातील प्रमुख व्यापारी असल्याचे त्याने नोंदविले आहे. बंदरातील सावकार आणि ज्योतीपाशी बसलेला संन्यासी यांचे नाते असे परस्परांचे होते. सावकारांच्या देणगीतून खोल्या उभ्या राहत आणि साधूंच्या वास्तव्यामुळे त्या परक्या भूमीला तीर्थाचे रूप येई.

या तीर्थाची कीर्ती भारतातही पोहोचली होती. प्राणपुरी नावाचा ऊर्ध्वबाहू संन्यासी बाकूच्या महाज्वालामुखीचे दर्शन घेऊन पुढे आस्त्राखान व मॉस्कोपर्यंत गेला होता. १७९२ मध्ये काशी येथे त्याने आपला वृत्तांत जोनाथन डंकन या इंग्रज अधिकाऱ्यास सांगितला आणि डंकनने तो प्रसिद्ध केला. हाच डंकन पुढे १७९५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला.

बुखारा आणि मस्कत

बाकूत जे शक्य झाले ते सर्वत्र शक्य होते असे नाही. अलेक्झांडर बर्न्स हा १८३२ मध्ये बुखाऱ्यास गेला, तेव्हा तेथे सुमारे ३०० हिंदू होते. बहुतेक सिंधमधील शिकारपूरचे व्यापारी असून ते स्वतंत्र सराईत राहत. त्यांना देऊळ बांधण्यास, मूर्ती स्थापण्यास आणि मिरवणूक काढण्यास बंदी होती. शहराच्या तटाच्या आत घोड्यावर बसता येत नसे. हिंदू म्हणून ओळखू यावे असा वेगळा पोशाख करावा लागे आणि वर्षास चार ते आठ रुपये जिझिया भरावा लागे. घोड्यावरून जाताना अमीर वा काजी समोर आला तर खाली उतरावे लागे. तरीही त्यांचे जीवित व धन सुरक्षित होते आणि त्यांचा व्यापार चालू होता. देव मात्र सराईच्या बंद दाराआड आणि मनात ठेवावा लागत होता.

याच्या उलट चित्र ओमानच्या मस्कत बंदरात होते. कार्स्टन नीबुर हा डॅनिश मोहिमेतील विद्वान १७६५ मध्ये तेथे गेला. त्यापूर्वी तो मुंबईत राहिला होता आणि घारापुरीच्या लेण्यांची रेखाचित्रे त्याने काढली होती. मस्कतमध्ये बाराशेहून कमी नव्हे इतके हिंदू असून त्यांना आपल्या रीतीप्रमाणे राहण्याची, बायकामुले आणण्याची, घरात मूर्ती ठेवण्याची आणि मृतांचे दहन करण्याची मोकळीक असल्याचे त्याने लिहिले आहे. मस्कतमधील हिंदू समाजाची परंपरा खंडित झाली नाही. तेथील मोतीश्वर महादेवाच्या मंदिरात आजही पूजाअर्चा होते.

तीनही ठिकाणी राज्य मुस्लिमांचे आणि प्रजा अल्पसंख्य हिंदू. तरीही बुखाऱ्यात मंदिरास बंदी, मस्कतमध्ये घरगुती पूजेस व कुटुंबास मोकळीक आणि बाकूत उघड मंदिर. या फरकामागे राज्यकर्त्याचा स्वभाव, बंदराची गरज आणि स्थानिक लोकांचा शेजारधर्म अशी अनेक कारणे असावीत. एवढे मात्र खरे की ही मोकळीक हक्क म्हणून मिळालेली नव्हती. ती सत्ताधीशाच्या मर्जीवर अवलंबून होती आणि मर्जी फिरली की परिस्थितीही फिरत असे. ज्या पिढ्यांनी अशा अनिश्चिततेत आपला आचार जपला त्यांचे धैर्य मोठे होते.

मुंबईचा निधी

अशाच परिस्थितीतील दुसऱ्या एका समाजाची हकिगत महाराष्ट्राशी निगडित आहे. इराणमधील यज्द व किरमान येथे राहिलेल्या झरथुष्ट्री लोकांची अवस्था एकोणिसाव्या शतकात अतिशय हलाखीची होती. घोड्यावर बसण्यास मनाई, पोशाखावर बंधने आणि त्यावर जिझियाचा भार. मुंबईतील पारशी समाजाने आपल्या या दूरच्या बांधवांसाठी निधी उभारला आणि १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणात पाठविले. त्यांनी तेथे शाळा काढल्या, अग्यारींचा जीर्णोद्धार केला, गरिबांचा कर निधीतून भरला आणि दरबारी सतत अर्ज-विनंत्या केल्या. अखेर १८८२ मध्ये नासिरुद्दीन शहाने झरथुष्ट्री प्रजेवरील जिझिया रद्द केला. अठ्ठावीस वर्षे चाललेल्या या कार्यामागे मुंबईतील अनेक दात्यांच्या देणग्या होत्या, आणि ज्यांच्यासाठी त्या दिल्या त्यांना यांतील बहुतेकांनी कधी पाहिलेही नव्हते.

ज्योत का मंदावली

सुराखानीचे मंदिर कोणा सुलतानाने पाडले नाही. त्याचा ऱ्हास वेगळ्या कारणांनी झाला. अठराव्या शतकात सफावी सत्ता कोसळल्यानंतर इराणचा व्यापार विस्कटला. पुढे समुद्रमार्गे येणाऱ्या युरोपीय मालामुळे आणि रशियाच्या विस्तारामुळे मुलतानी पेढ्यांचे जुने मार्ग ओस पडत गेले. व्यापारी कमी झाले तसे दान कमी झाले, आणि दान आटल्यावर साधूंचे येणेही थांबले. त्यातच १८५० च्या दशकाच्या अखेरीस मंदिराच्या शेजारीच खनिज तेलाचा कारखाना उभा राहिला. जो वायू देवतेचे रूप म्हणून पूजिला जात होता, तोच इंधन म्हणून वापरला जाऊ लागला. १८८० च्या दशकात अखेरचे हिंदू पुजारी तेथून गेले. भूगर्भातील वायूच्या उपशामुळे १९६९ मध्ये नैसर्गिक ज्योतही विझली.

१९७५ मध्ये दुरुस्तीनंतर तेथे संग्रहालय सुरू झाले आणि २००७ मध्ये अझरबैजान सरकारने त्यास राष्ट्रीय संरक्षित स्थळाचा दर्जा दिला. आज मंडपात जी ज्योत दिसते ती नळाने आणलेल्या वायूवर जळते. मुस्लिमबहुल देशाने एका हिंदू मंदिराची वास्तू जतन केली आहे, ही कृतज्ञतेने नोंदविण्याची गोष्ट होय.

लेखांनी दिलेली साक्ष

पुजारी गेल्यानंतर हे स्थान कोणाचे, असा प्रश्न निर्माण झाला. अग्निपूजेचे स्थान म्हणून अनेकांनी ते प्राचीन पारशी अग्यारी असल्याचे गृहीत धरले. अमेरिकन विद्वान विल्यम्स जॅक्सन यांनी शिलालेखांच्या आधारे ते भारतीयांचे असल्याचे १९११ च्या ग्रंथात दाखविले. १९२५ मध्ये मुंबईचे थोर पारशी पंडित जीवनजी जमशेदजी मोदी हे स्वतः तेथे गेले. आपल्या धर्माचे एक प्राचीन स्थान म्हणून त्यावर हक्क सांगणे त्यांना सोपे होते. परंतु रचना व लेख पाहून त्यांनी हे पारशी अग्निगृह नसून हिंदूंचे मंदिर आहे, असा निर्वाळा दिला. विद्वत्तेतील ही सचोटी वंदनीय आहे.

हा निर्णय शक्य झाला तो त्या लहान-लहान दानशिलांमुळे. खोली बांधविणाऱ्या भाविकाने आपले नाव व संवत कोरून घेतले नसते, तर दोनशे वर्षांनी त्या मंदिराची ओळखच पुसली गेली असती. पुष्कळ भाविक नम्रतेने देणगीची नोंद नको म्हणतात आणि त्यांची भावना आदरणीय आहे. तथापि देवालयाची पावती, देणगीची वही, जमिनीची सनद आणि भिंतीवरील पाटी या गोष्टी दात्याच्या मोठेपणासाठी नसतात. पुढील पिढ्यांना, आणि प्रसंगी परक्यांनाही, त्या स्थानाची खरी हकिगत सांगणारे ते साक्षीदार असतात.

यात्रेकरूंनी घ्यावयाचा बोध

बाकूच्या ज्वालाजीची कथा वाचताना कोणाच्या मनात विषाद येईल, कोणाच्या मनात रोष येईल. दोन्ही भावना स्वाभाविक आहेत. परंतु ज्या साधूंनी कंदमुळे खाऊन ती ज्योत राखली, त्यांनी शेजाऱ्यांशी वैर मांडल्याचे दिसत नाही. त्यांनी आपल्या दारावर गणेशाचे नाव कोरले, फारसी लेखासही आपल्या भिंतीत जागा दिली आणि येणाऱ्यास आसरा दिला. आपला आचार न सोडता दुसऱ्याचा मान राखणे, ही त्यांची रीत होती.

आज भाविकास देवदर्शनासाठी कोणताही डोईकर द्यावा लागत नाही, वेगळा पोशाख घालावा लागत नाही की घोड्यावरून उतरावे लागत नाही. उपासनेचे हे स्वातंत्र्य भारताच्या राज्यघटनेने सर्व धर्मांच्या नागरिकांना सारखेच दिले आहे. जे बुखाऱ्याच्या सराईतील हिंदूस नाकारले गेले, ते आपल्या देशातील कोणाही अल्पसंख्य बांधवास नाकारले जाऊ नये, ही जाणीव ठेवणे हेच त्या पूर्वजांचे खरे स्मरण ठरेल. आणि देवापुढे हात जोडताना एवढे अवश्य आठवावे, की समोरचा नंदादीप आपोआप तेवत नाही. सुराखानीत माणसे येईनाशी झाली आणि पाठोपाठ ज्योतही गेली. येथे ती तेवत ठेवणे प्रत्येक यात्रेकरूच्या हाती आहे.

॥ शुभं भवतु ॥